धाविकच्या अंड्यांभोवती चुन्याचं रिंगण

चाकणला फिरायला जातोय म्हटल्यावर माझी बायको अश्विनी आधी नुसती हसत राहिली. "चाकणला लोक कामाला जातात," ती म्हणाली, "फिरायला कोण जातं?" तिचं काही चुकत नव्हतं. या ब्लॉगवर आजवर किल्ले आले, घाट आले, मिसळीवर तर इतकं लिहून झालंय की डॉक्टरांनी मला त्यावरून बोलायला सुरुवात केलीय. पण सांगवीतलं घर सोडून कारखान्यांच्या पट्ट्यात पक्षी बघायला जायचं, तेही एप्रिलच्या उन्हात, ही कल्पना माझी नव्हतीच. ती प्रांजलची होती.

प्रांजल म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र सिद्धार्थ, त्याची धाकटी बहीण. पिंपरीत राहते. डिप्लोमा झाल्यावर चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला लागली. दिवसभर गेज लावून लोखंडी तुकडे पास-नापास करायचे आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून माळ पालथे घालायचे, असं तिचं आयुष्य. आपल्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. पक्षी बघणारे सगळे ग्रुप निघतात रविवारी. त्यामुळे प्रांजल कायम एकटी फिरते, आणि म्हणूनच बहुतेक तिला कारखान्यासाठी घेतलेला तो माळाचा प्लॉट सापडला. एक दिवस तिचा फोन आला. "दादा, धाविक पक्ष्यांनी अंडी घातलीत. दोन जोड्या आहेत. प्लॉटवर खोदायचं मशीन आलंय. तू ये आणि लिही काहीतरी. लोकांना कळलं तर वाचतील." एवढ्या साध्या विश्वासाने आजकाल कोणी माझ्या लिखाणाकडे बघत नाही. मी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली.

गुरुवारी पहाटे स्कूटर काढली. पिंपरीत प्रांजलच्या आईने, म्हणजे काकूंनी, दारातूनच जय भीम केला आणि भाकरी-ठेच्याचा डबा हातात दिला. तिथून प्रांजलला मागे बसवून नाशिक फाटा, भोसरी, मोशी आणि पुढे सरळ चाकण. जाणार असाल तर उजाडायच्या आत भोसरी ओलांडा. एकदा शिफ्टच्या बसगाड्या सुटल्या की या रस्त्यावर माणूस पुढे जात नाही, नुसता म्हातारा होतो. मोशीला हातगाडीवरचे पोहे चांगले मिळतात, चहा मात्र पुढे चाकणात घ्या.

मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या पुलावर प्रांजलने थांबायला लावलं. खाली पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता आणि त्या फेसात लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे पक्षी निवांत चोची मारत होते. मी म्हटलं, वा, नदीत पक्षी तरी आहेत. ती म्हणाली, "ह्यांना घाण पाणी चालतं रे. हे वाढले की समजायचं, बाकीचे गेले." मी कॅमेरा परत पिशवीत ठेवला.

चाकणच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक खोकड मरून पडलं होतं. खोकड म्हणजे माळावरचा लहानसा कोल्हा. त्याची झुपकेदार शेपटी तेवढी शाबूत होती, वाऱ्याने हलत होती. प्रांजलने फोटो काढला, मग मागचे पाय धरून त्याला ओढत पार शेताच्या बांधाजवळ नेऊन ठेवलं. रस्त्यावर राहिलं तर खायला घारी उतरतात आणि त्याही गाडीखाली येतात, म्हणाली. हात धुवायला तिने पिशवीतून साबणाची वडी काढली. ती वडी तिच्या पिशवीत कायम असते हे बघून मला कसंतरीच झालं.

प्लॉट कुठे आहे ते लिहीत नाही, रागावू नका. चाकणपासून आत, डोंगराच्या बाजूला, एवढं पुरे. एकीकडे पत्र्याची गोदामं, दुसरीकडे ओढा आणि मधे तारेचं कंपाउंड घातलेला, खडे-मुरमाचा, जेमतेम गवत असलेला माळ. बघणाऱ्याला वाटावं, इथे काहीच नाही. मलाही तसंच वाटलं. प्रांजलने मला स्कूटरच्या आडोशाला बसवलं, दुर्बीण हातात दिली आणि म्हणाली, "हलू नकोस. बोलू नकोस. आणि कृपा करून चिवडा खाऊ नकोस."

मग तो माळ चालायला लागला. म्हणजे एक दगड चालायला लागला असं वाटलं. तो पक्षी होता. टिटवीपेक्षा लहान, तांबूस पोट, डोळ्यावरून मागे गेलेली काळी-पांढरी पट्टी आणि उंच पाय. तुरुतुरु धावायचा, एकदम थांबायचा, ताठ उभा राहायचा, पुन्हा धावायचा. हा धाविक. घरटं वगैरे भानगड याला नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालतो आणि वर बसतो. दुपारी तर तो ती उबवत नाही, उलट त्यांच्यावर उभा राहून सावली धरतो. "आपण जवळ गेलो की तो उठतो," प्रांजल कुजबुजली, "आणि तो उठला की अंडी भाजतात. म्हणून फोटोसाठी सुद्धा जवळ जायचं नसतं." तिच्याकडे या अंड्यांचा एकही जवळून घेतलेला फोटो नाही. आठवडा-दहा दिवसांत पिल्लं निघतील असा तिचा अंदाज होता. पिल्लं निघाली की लगेच पळायला लागतात, मग धोका कमी. तेवढे दिवस मिळायला हवे होते, बस.

मी आयुष्यात वाघ पाहिलाय, जिप्सीतून, पंचवीस माणसांच्या गलक्यात. पण या चिमुकल्या पाखराला भर उन्हात पाय रोवून उभं राहिलेलं बघताना मला जे वाटलं ते वाघाच्या वेळी वाटलं नव्हतं. चोच उघडी टाकून ते धापा टाकत होतं आणि तरी हलत नव्हतं. मला भरून आलं, उगाच कशाला लपवा.

प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला एक पोकलेन उभा होता. जमिनीवर पांढऱ्या फक्कीने चौकोन आखले होते. फक्की म्हणजे कबड्डीच्या मैदानावर मारतात ती चुन्याची पूड. जिथे जिथे चौकोन, तिथे पायाचा खड्डा. तेवढ्यात मोटरसायकलवरून गावातले तात्या आले, प्रांजलशी त्यांची आधीच ओळख झाली होती. ही जमीन एके काळी त्यांच्याच घरची. ती कंपनीला गेली आणि त्याच जमिनीवर खोदाई आणि भरावाचं काम तात्यांनी घेतलं, मशीन भाड्याने आणून. चाकणच्या बाजूला ही गोष्ट घरोघरी सापडेल. मला वाटलं, आता हाकलतील. उलट ते प्रांजलच्या शेजारी उकिडवे बसले.

"कुठं हाय तुझं पाखरू?"

प्रांजलने बोटाने दाखवलं. तात्यांना बराच वेळ दिसलं नाही, मग दिसलं. "आयला! ह्ये व्हय? ल्हानपणी गुरं राखताना लई बघितल्यात. आमी काय वैरी हाय व्हय पाखराचं?" त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "पर पोरी, ते काय दिसतंय का? मला दिसंना, तर डंपरवाल्याला काय दिसणार? तू आसं कर, खूण करून ठेव. फक्कीचं पोतं पडलंय तितं. मी ऑपरेटरला सांगतो, खुणंच्या आत जायचं न्हाई."

कल्पना चांगली होती. तिघांनाही चांगली वाटली. ऊन उतरल्यावर प्रांजलने मगभर फक्की घेतली आणि दोन्ही जोड्यांच्या अंड्यांभोवती, चांगलं ऐसपैस अंतर सोडून, एकेक गोल रिंगण घातलं. भराभर घातलं आणि मागे पळाली. थोड्या वेळात दोन्ही पक्षी रिंगणाची रेघ ओलांडून आत गेले आणि बसले. संध्याकाळी तात्यांनी ऑपरेटरला बोलावून आमच्यादेखत दोन्ही रिंगणं दाखवली. त्याने मान डोलावली. परतताना प्रांजल स्कूटरवर मागे बसून गाणं गुणगुणत होती.

तिला बसमध्ये बसवून मी चाकणातच एका लॉजवर राहिलो. खोली साधी, चादर स्वच्छ, गरम पाणी सकाळीच येतं. रस्त्याकडची खोली घेऊ नका, ट्रकचे हॉर्न उशाशी वाजतात. जेवायला कामगारांच्या खानावळीत जा. तिथे बीडचा, लातूरचा, कोकणातला माणूस एकाच बाकावर बसून जेवतो आणि आमटीला नावं ठेवतो. आमटी खरंच पातळ होती.

शुक्रवारी प्रांजलची दुसरी शिफ्ट होती, म्हणजे दुपारपर्यंत मोकळी. सकाळी लवकर येऊन पुन्हा एकदा बघायचं आणि मग ती कामाला, मी घरी, असं ठरलं होतं. पण शुक्रवार हा कामाचा दिवस. तिची बस मोशीपासून जी अडकली ती अडकलीच. मी चौकात वाट बघत उभा. ती उतरली तेव्हा चांगलंच ऊन झालं होतं.

प्लॉटच्या वळणावरच पोकलेनचा आवाज आला. आम्ही आत शिरलो आणि पहिलं रिंगण होतं त्या जागी खड्डा होता. गोल. अगदी रेघेबरहुकूम, कडा तासून काढलेला, नीटनेटका खड्डा. शेजारी ओल्या मुरमाचा ढीग आणि त्या ढिगाभोवती एक धाविक धावत होता. धावायचा, थांबायचा, ताठ उभा राहायचा. पुन्हा धावायचा. कालच्यासारखंच.

प्रांजलला आधी काही कळलंच नाही. ती खड्ड्याच्या कडेला जाऊन आत वाकून बघत राहिली. मग तिने मान वर केली. पोकलेनने तोंड वळवलं होतं आणि तो ओढ्याकडच्या दुसऱ्या रिंगणाकडे निघाला होता. ती जी सुटली ती सरळ मशीनच्या समोर जाऊन दोन्ही हात आडवे करून उभी राहिली. ऑपरेटरने मशीन बंद केलं. तो कालचा नव्हताच. कोवळ्या मिशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला कोणी नवीनच होता.

"का हो मॅडम? काय झालं?"

"तो खड्डा का घेतला तुम्ही?" प्रांजलने मागच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"फक्की व्हती की तिथं."

"अहो, फक्की वाचवायला मारली होती! आत अंडी होती!"

तो खाली उतरला. खरंच गोंधळला होता. "मला काय म्हाईत मॅडम? मी आज सकाळीच आलोय. कालचा माणूस भैनीच्या हळदीला गावाकडं गेला, मशीनच्या मालकानं मला धाडलं. म्हनले, फक्की दिसंल तिथं खड्डा घे. बाकीचे चौकोनी हैत, हे दोन गोल. मला वाटलं टाकीचे आसतील. गोल काढायला लई येळ लागतो, तरी नीट काढला."

त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. कोणत्याही साइटवर, कोणत्याही गावचा ऑपरेटर आणा, पांढरी रेघ दिसली की तो खोदणार. त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. कबड्डी खेळलेली आम्ही माणसं, आम्हाला रेघ म्हणजे हद्द वाटली. आणि ज्यांनी आयुष्यभर साइटवर फक्की मारून घेतली त्या तात्यांनाही वाटली, याचं मला अजून नवल वाटतं. पाखरू पाहून ते गुरं राखायच्या दिवसांत गेले असावेत.

दुसरं रिंगण अजून शाबूत होतं आणि पक्षी आमच्या गोंधळाने उठून लांब गेला होता. अंडी उघडी, वर ऊन. प्रांजलने डोळे पुसले आणि बाभळीची एक वाळकी फांदी ओढून आणली. "पुसायला पाहिजे," ती म्हणाली.

"पुसलंस तर कोणालाच दिसणार नाहीत ती अंडी," मी म्हटलं. "डंपर जाईल वरून."

"ठेवलं तर खोदतील."

ऑपरेटर बिचारा मागून म्हणाला, "मॅडम, मी बकेटनं पुसून देऊ का? एका झटक्यात हुईल." तो मनापासून म्हणाला होता. मी त्याचा दंड धरून त्याला बाजूला नेलं.

प्रांजलने फांदीने रेघ पुसली, जिथे पुसली जाईना तिथे चपलेने माती ओढली. ओंजळीने मुरूम उचलून वर टाकला. शेवटी तिथे काल सकाळसारखाच नुसता माळ उरला. आम्ही तिघं पोकलेनच्या सावलीत जाऊन बसलो. धाविक आला, दोनदा चुकीच्या जागी थांबला, मग बरोबर अंड्यांवर जाऊन उभा राहिला. "हाय की!" ऑपरेटर हळूच म्हणाला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तो पक्षी पाहिला होता.

मी दरम्यान वन्यप्राण्यांच्या मदतीच्या एका नंबरवर फोन लावला होता. समोरच्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिबट्या आहे का?" नाही म्हटलं. "साप?" नाही. मग त्याने नाव-गाव उतरवून घेतलं आणि कळवतो म्हणाला.

तात्या धावतपळत आले. खड्डा बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "माजंच चुकलं. नव्या माणसाला सांगायचं ध्येनात ऱ्हायलं न्हाई. फक्की मारा म्हनलो तेवा माजी अक्कल कुटं चरायला गेली व्हती?" प्रांजलने एवढंच विचारलं, "हा कोपरा एक आठवडा सोडाल का तात्या?"

तात्यांनी ओढ्याकडे पाहिलं. "आठवडा न्हाई जमायचा, पोरी. पावसाच्या आत भराव टाकून द्यायचाय कंपनीला. मुरमाच्या गाड्या सांगून ठेवल्यात. दोन-तीन दिस रेटतो. खोटं कशाला बोलू?"

दुपारी तिला कंपनीच्या गेटवर सोडलं. तिने चेहरा धुतला होता, बुटांवर चुना तसाच होता. सुपरवायझर बूट बघून ओरडेल म्हणून तिने ते रुमालाने पुसले आणि आत गेली. रात्री बारापर्यंत ती लोखंडी तुकड्यांना गेज लावत बसणार होती. मी एकटा सांगवीला आलो. अश्विनीने विचारलं, "काय पाहिलंस?" मी सांगायला लागलो आणि खड्ड्यापाशी आल्यावर मोशीच्या पोह्यांकडे वळलो. ती जेवायला वाढायला उठली.

आता तुमच्यासाठी. माळावर जाणार असाल तर उन्हाळ्यात जाऊच नका, हिवाळ्यात जा, तेव्हा कोणाची अंडी उन्हात पडलेली नसतात. दुर्बीण न्या, पाणी न्या, चालताना खाली बघा. जमिनीवर अंडी दिसली तर आल्या पावली मागे फिरा, आणि कृपा करून खूण करू नका, ना चुन्याची, ना दगडांची, ना मोबाइलमधल्या नकाशावरची. प्रांजल म्हणाली होती, लोकांना कळलं तर वाचतील. मी लिहिलंय. पण काय वाचेल याबद्दल मला आता तिच्याइतकी खात्री वाटत नाही, आणि तिलाही ती उरली असेल असं वाटत नाही.

हे सगळं लिहून मी तसंच ठेवून दिलं होतं, कारण शेवट माहीत नव्हता. दर गुरुवारी प्रांजलचा निरोप येईल म्हणून फोन जवळ ठेवायचो. पहिल्या गुरुवारी ती जाऊन आली, कोपरा भरून टाकला होता. तात्यांनी तीन दिवस रेटलं होतं, चौथ्या दिवशी गाड्या आल्या. पिल्लं त्याच्या आत निघाली की नाही, कोणालाच माहीत नाही. ऑपरेटर म्हणाला, निघाली असतील. त्याने पाहिली नव्हती.

काल पुन्हा गुरुवार होता. दुपारी तिचा फोन आला, प्लॉटवरूनच.

"दादा, अंडं दिसलं."

मी उडालोच. "कुठे? ओढ्याच्या पलीकडे?"

"नाही. इथेच. नव्या भरावावर." तिचा आवाज अगदी सपाट होता. "त्यांना उघडी, सपाट, खड्यांची जमीन लागते ना. ह्यांनी ती मस्त करून दिलीय. चारही जण इथेच फिरतायत. त्यांना वाटतंय, माळ आहे."

मी विचारलं, आता काय करायचं. फोन चालू होता आणि पलीकडून भराव दाबणाऱ्या रोलरचा आवाज येत होता.